खोली किती बाय किती?

नाशिकला डिसेंबरात दोन माणसं भेटली की आधी निफाडचा आकडा सांगतात, नमस्कार-चमत्कार मागाहून. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे आणि तिथे किमान तापमानाची नोंद होते. गव्हावर तिथे काय संशोधन चालतं ते आम्हाला विचारू नका; पण काल रात्री पारा सहावर होता की साडेपाचावर, हे आमच्या कॉलनीतलं शेंबडं पोरही सांगेल. "निफाड साडेपाच!" असं म्हणताना नाशिककर अशी छाती फुगवतो की ते साडेपाच रात्रभर जागून त्यानेच खाली ओढून आणलेत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसल्याची बातमी आली की आम्ही जरा हिरमुसतो, आणि मग "तिथे तलाव आहे हो, दव गोठायचंच" असं म्हणून महाबळेश्वरला निकालात काढतो. खरी थंडी सोसतो तो द्राक्षवाला. पारा घसरला की मण्यांना तडे जातात, म्हणून तो बिचारा पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवत असतो. अभिमान मात्र शहरातले लोक बाळगतात, तोही गोधडीच्या आतून.

अशा गावात घरी हीटर घ्यायचा विषय काढायला धीर लागतो. आमच्याकडे तो हिने काढला. आईचे पाय रात्री गारठतात, दोन-दोन मोजे घालूनही ऊब धरत नाहीत, तेव्हा तिच्या खोलीत एक लहानसा हीटर असावा, असा साधा ठराव होता. आईने तो तिथल्या तिथे फेटाळला.

"माझे पाय साठ वर्षं गारच आहेत. विचार तुझ्या वडिलांना."

वडिलांना विचारण्याची सोय आता राहिलेली नाही, हे ती अशा वेळी बरोबर विसरते.

मुळात आमच्याकडची घरं बांधतात ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. बाथरूमच्या खिडकीला तिरप्या काचांची झडप, तिच्यातल्या दोन काचा कायमच्या गायब. दाराखाली दोन बोटं फट, म्हणजे झुरळाला वाकून यावं लागू नये. सरकत्या खिडकीच्या पल्ल्यांचं आपसात कधी पटलेलंच नाही. एक लावला की दुसरा चार बोटं मागे सरकतो. आणि इतकं करूनही एखादी खिडकी चुकून घट्ट बसलीच, तर आई उठून ती उघडते. "हवा खेळती राहिली पाहिजे," असं तिचं म्हणणं. हवा रात्रभर खेळते आणि सकाळी आम्ही शिंकतो.

तरी ठराव बहुमताने मंजूर झाला, आणि मी खाली नानांजवळ सहज बोलून गेलो. सहज बोलायला आमच्या इमारतीत बंदी हवी. संध्याकाळपर्यंत जिन्यात भेटणारा प्रत्येक जण "मग, कुठला घेताय?" असं विचारू लागला. फ्लॅट घेतला तेव्हा इतकी चौकशी झाली नव्हती.

नाना रॉडवाले. त्यांच्याकडे क्वार्ट्झचा आहे, दोन नळ्यांचा, जाळीवाला.

"लाल दिसला पाहिजे," नाना म्हणाले. "लाल दिसत नाही तो हीटर कसला? पैसे कुठे गेले ते डोळ्यांना कळायला नको?"

पाहणीसाठी आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. हीटर खरंच लाल होता. त्याच्यासमोर बसल्यावर माझ्या नडग्या चुरचुरू लागल्या आणि पाठीवर मात्र शहारे. या हीटरची मातब्बरी अशी की तो हवा फारशी तापवत बसत नाही. त्याचे किरण सरळ समोरच्या वस्तूवर जातात. समोर तुम्ही असाल तर तुम्ही तापता, पण फक्त दर्शनी भाग. त्यामुळे नानांच्या घरी सगळे एका रांगेत बसतात आणि मालिकेत जाहिराती लागल्या की कूस बदलतात. एकदा जाहिराती आल्याच नाहीत, तेव्हा नानी एका बाजूने पापडासारख्या भाजून निघाल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं.

मेव्हणा ब्लोअरच्या पक्षाचा. तो स्वतःचा ब्लोअर पिशवीत घालून प्रात्यक्षिकालाच आला. बटण दाबताच आधी जळकट वास सुटला. "पहिल्यांदा येतोच, वर्षभराची धूळ जळते," असं तो म्हणाला, पण हे त्याने ओरडून सांगितलं, कारण ब्लोअर चालू असताना दुसरा मार्ग नसतो. खोली दोन मिनिटांत तापली, हे कबूल. फक्त टीव्हीचा आवाज वाढवावा लागला, म्हणून आईने फोनवर आवाज चढवला, म्हणून पलीकडच्या मामी "काय झालं, भांडण झालं का?" असं विचारू लागल्या. ब्लोअर बंद केला आणि दोन मिनिटांत खोली पूर्ववत गार. आई म्हणाली, "उगाच सवय लावून गेला मेला." यातलं मेला हे ब्लोअरला उद्देशून होतं असं मी मेव्हण्याला नंतर समजावलं.

राहता राहिली दिल्लीची मावशी. तिचं अख्खं आयुष्य तिकडे गेलं, त्यामुळे थंडीच्या बाबतीत आमच्याकडे शेवटचा शब्द तिचा.

"अरे, ऑइलवाला घे. फिनवाला. आवाज नाही, उजेड नाही, डोळ्याला डोळा लागतो. आणि खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपायचं वेड कुणाच्या डोक्यात असेल तर आधी ते काढ. बंद खोलीत तो धूर माणसाला उठूच देत नाही. दर हिवाळ्यात इकडे पेपरात बातमी असते." इथपर्यंत सगळं सोन्यासारखं बोलली. मग म्हणाली, "पण काय रे, तुमच्याकडे हीटर लागण्याइतकी थंडी असते?"

मी तिला निफाडचा आकडा सांगितला. तिने दिल्लीचा सांगितला. मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो आणि बिल तिला पडत होतं.

या सगळ्या चर्चेवर पाणी ओतायचं काम चिरंजीवांनी केलं. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरातली कुठलीही वस्तू दुरुस्त न करता तिच्याविषयी बोलू शकतो.

"बाबा, सगळे सारखेच आहेत. हजार वॅटचा कुठलाही हीटर हजार वॅटचीच उष्णता देतो. विजेची उष्णता किती होते हे ज्यूलने 1840 च्या दशकातच मोजून ठेवलंय. आत बहुतेकांच्या तीच ती निकेल आणि क्रोमियमची तार. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाला 1906 मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधीच्या तारा तापवल्या की लवकर जळून जायच्या, ही लालबुंद होऊनही टिकते. तुमची इस्त्री तीच, टोस्टर तोच, आणि हीटरही तोच."

"मग किमती वेगवेगळ्या कशा?" हिने विचारलं.

"तारेच्या भोवती जे काय बांधलंय त्याच्या."

मला हे मुळीच पटलं नाही. म्हणजे विज्ञान पटलं, पण एखादा विषय असा तीन वाक्यांत संपवायचा नसतो. सगळे सारखेच असं एकदा मान्य केलं की संध्याकाळी जिन्यात उभं राहून बोलायचं काय? मी त्याच रात्री आलेखाची वही काढून तक्ता आखला. आडव्या ओळीत हीटरचे प्रकार, उभ्या रकान्यांत वॅट, वजन, किंमत, आवाज, चाकं आहेत की नाहीत, वायर किती लांब, वॉरंटी. मला टूथपेस्टदेखील ही निवडून देते, त्यामुळे इतके रकाने एकदम ताब्यात आल्यावर मी जरा हुरळलो. पुढे रंगाचा रकाना वाढवला. त्यात सगळीकडे काळा नाहीतर पांढरा एवढंच आलं. आईने डोकावून "दिसायला कसा" असा एक रकाना घालायला सांगितला आणि तिथे स्वतःच्या हाताने तिन्ही प्रकारांपुढे "बरा" असं लिहिलं. तक्ता पुरा होईपर्यंत कुंदेवाडीचा पारा एकदा खाली जाऊन वर आला होता.

अखेर दुकानात गेलो. विक्रेता मुलगा तरुण, हसतमुख, कानाला मफलर.

"खोली किती बाय किती, सर?"

"दहा बाय बारा."

"एकशेवीस चौरस फूट. फुटाला दहा वॅट धरायचे. बाराशे झाले."

"मग बाराशेचा दाखवा."

"तुम्ही दोन हजारचाच घ्या ना."

"का?"

"खिडक्या नीट बंद होतात का, सर?"

मी हिच्याकडे बघितलं, हिने आईकडे बघितलं आणि आईने दुकानातल्या पंख्यांकडे बघितलं.

"रात्री एक उघडी असते," मी म्हणालो. "आणि दाराखाली थोडी फट आहे. बाथरूमच्या झडपेच्या दोन काचा..."

"म्हणजे अंगणात लावायचाय असं समजू," तो शांतपणे म्हणाला आणि आम्हाला मोठ्या हीटरांच्या रांगेकडे घेऊन गेला.

तिथे फिनांचा प्रश्न निघाला. नऊ फिनचा, अकरा फिनचा, तेरा फिनचा. त्याने सांगितलं की फिन जास्त म्हणजे तापणारा पत्रा जास्त, ऊब पसरते बरी. चिरंजीव मागून "वॅट बघा, वॅट" असं पुटपुटत होते. नानांनी घरून फोन करून तेरापेक्षा खाली येऊ नका असं बजावलं होतं. मी तेरावर बोट ठेवणार इतक्यात आई म्हणाली, "तेरा नको. झोपायच्या खोलीत तेरावा कसला आणतोस?"

"मग आजी, अकरा घ्या," पोरगा लगेच म्हणाला. "आहेराच्या पाकिटात घालतो तोच आकडा."

आई खूश. वहीतले सगळे रकाने बाजूला राहिले आणि हीटर आहेराच्या हिशोबाने ठरला. पण पैसे देण्याआधी तिने त्याच्या पत्र्यावर टिचकी मारली.

"यात तेल कुठलं असतं?"

"सीलबंद असतं आजी, आपल्याला भरावं लागत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. तेल जळत नाही, आतल्या आत नुसतं गरम होतं."

"म्हणजे तेच तेल रोज पुन्हा पुन्हा तापवायचं?" आईचा चेहरा गंभीर झाला. "आमचे डॉक्टर तर म्हणतात, एकदा तापवलेलं तेल परत वापरू नका."

पोराने कानावरचा मफलर काढला. इतकी वर्षं हीटर विकून हा मुद्दा त्याच्यासमोर आला नसावा. "आजी, यात तळायचं नाहीये," तो म्हणाला. तळणार कोणीच नव्हतं, पण आईचं पुरतं समाधान झालं नाही. घरी आल्यावर पहिले काही दिवस ती हीटरजवळून जाताना हळूच वास घ्यायची.

खोका घरी आला, फोडला, चाकं बसवली, सगळी आईच्या खोलीत जमली. मी पिन हातात घेतली आणि भिंत न्याहाळू लागलो. दोन हजार वॅटचा हीटर साधारण नऊ अँपिअर ओढतो. त्याची पिन जाडजूड, सोळा अँपिअरची. टीव्ही आणि मोबाइलच्या सहा अँपिअरच्या भोकात ती शिरत नाही, आणि खटपट करून शिरवूही नये. असला मोठा पॉइंट घरात तीन ठिकाणी होता. एक बाथरूममध्ये गीझरला. एक ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला. आणि तिसरा आईच्या खोलीतच, एसीचा. एसी आम्ही घेतलेला नाही, पण बिल्डरने पॉइंट दिला होता, एसी जिथे असतो तिथे, म्हणजे खिडकीच्या वर, छताखाली हातभर.

हीटरची वायर हातभर ताणली, तरी जमिनीपासून कमरेपर्यंतच आली. मग मेव्हण्याने सुचवलं की हीटर टेबलावर ठेवू. टेबलावर ठेवून पुरेना, तर टेबलावर स्टूल. अकरा फिनांचं ते तेरा किलोचं धूड स्टुलावर चढलेलं पाहून आई हात जोडणार होती, इतकं ते देव्हाऱ्याच्या उंचीवर गेलं होतं. ही म्हणाली, "ऊब वर जाते ना? मग छताच्या पालीला छान ऊब मिळेल." हीटर खाली उतरवला. एक्स्टेन्शन बोर्डाचं नाव चिरंजीवांनी काढू दिलं नाही. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत मनाई होती आणि ते पत्रक घरात फक्त त्यानेच वाचलं होतं.

त्याच पत्रकात असंही होतं की हीटरवर काहीही झाकू नये. आमच्या घरात गरम होणाऱ्या सपाट वस्तूवर काहीही ठेवू नका म्हणणं म्हणजे छळच. ती अकरा फिनं पाहून प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी वाळू लागलं. मला मोजे दिसत होते, हिला टॉवेल, आणि आईला कुरडया. शेवटी तडजोड अशी निघाली की वर काही नाही, पण हातभर अंतरावर खुर्चीवर इडलीच्या पिठाचं पातेलं चालेल. थंडीत पीठ फुगत नाही ही या घरातली जुनी जखम आहे. माणसांच्या आधी पिठाचा नंबर लागला.

पण पॉइंट खाली आल्याशिवाय ना पीठ फुगणार होतं ना पाय तापणार होते. वायरमनला फोन केला.

"एसीचा पॉइंट खाली घ्यायचाय."

"एसी खाली बसवताय, साहेब?"

"एसी नाही. पॉइंट."

"मग एसी कुठे?"

"एसी नाहीच आहे."

पलीकडे थोडी शांतता. "उद्या येतो," तो म्हणाला. वायरमनचा उद्या कधी उगवतो ते पंचांगात देत नाहीत. तोवर संक्रांत झाली, तिळगूळ संपला, निफाडच्या आकड्यात दम राहिला नाही. हीटर खोक्याशेजारी उभा होता आणि आई त्याच्या मुठीवर जपमाळ अडकवू लागली होती. मग एका सकाळी वायरमन आला. धिप्पाड माणूस, दारातून जरा तिरकाच आत आला. शिडीवर चढला तेव्हा आम्ही सगळ्यांनी शिडी धरली. पट्टी मारून त्याने पॉइंट खाली आणला आणि जाताना म्हणाला, "साहेब, तासाला दोन युनिट खाईल हा. लक्ष असू द्या."

हे वाक्य त्याने आईसमोर बोलायला नको होतं. शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो आणि तीनशेच्या पुढे आणखी चढतो, हे आईला व्यंकटेश स्तोत्रासारखं पाठ आहे. त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी. नशिबाने त्या दिवशी ढग जाऊन पुन्हा जरा गारवा पडला होता. मी खिडकी लावली, फटीत जुनी चादर कोंबली, दाराखाली पायपुसणं सरकवलं. नाना-नानी आले, मेव्हणा सपत्नीक आला, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या आणि राहिलेले पैसे न्यायला वायरमन आला, त्यालाही बसवून घेतलं. दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसं, एक पलंग आणि हीटर. चहा झाला, चिवडा झाला, डिंकाचे लाडू झाले.

"वा!" नाना स्वेटर काढत म्हणाले. "लाल दिसत नाही, पण आहे हां ऊब."

"आवाज नाही बघा काही," मेव्हण्याने मोठ्या मनाने कबूल केलं.

"अशी सगळीकडून सारखी येतेय," नानी म्हणाल्या. त्यांना दोन्ही बाजूंनी ऊब मिळाल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

तासाभराने वहिनींनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. वायरमनच्या कपाळावर घाम आला. "अकरा फिन म्हणजे अकरा फिन," मी म्हणालो, आणि जरा कमी करावा म्हणून हीटरकडे वाकलो. त्याचा लहान दिवा भिंतीकडे होता. दिवा बंद. पत्र्याला हात लावला, गार. बटण बघितलं, वर.

"हे लोक यायच्या आधीच बंद केला मी," आई पलंगावरून म्हणाली. "एवढी माणसं येणार, कशाला उगाच दोन दोन युनिट?"

नाना पुन्हा स्वेटर घालू लागले. चिरंजीव मात्र आनंदाने उठून उभे राहिले. बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून दहा माणसं म्हणजे एक किलोवॅट, म्हणजे नानांच्या दोन्ही नळ्या एकदम, असं त्यांनी सगळ्यांना मोजून दाखवलं. आई कौतुकाने ऐकत होती. मंडळी गेल्यावर तिने त्याला जवळ बोलावलं.

"म्हणजे रोज बोलावलं सगळ्यांना, तर हीटर नको ना लावायला?"

"आजी, हीटर दोन तास लावला असता तर चार युनिट झाली असती. आज दहा चहा झाले. दूध, साखर, आलं, चिवडा, डिंक, खोबरं, तूप... माणसं महाग पडतात."

आईने घड्याळाकडे पाहत थोडा वेळ हिशोब केला.

"लाडू बंद," ती म्हणाली. "चहा कोरा. आणि त्या वायरमनला रोज बोलव, तो एकटा दीडशेचा तरी असेल."